शून्य कोणी टाकलं

मी माणूस वाईट नाही, असं माझी आई सगळ्यांना सांगते. तिला लॅबमधल्या काकूंचं काही माहीत नाही.

आमच्या हिंदी भाषिक शहरातल्या गोरखपूर नावाच्या भागात एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचो. काकू तिथे टेक्निशियन होत्या. मूळच्या अमरावतीकडच्या, राहायला त्याच शहरातल्या गढा भागात, नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला, म्हणजे घर त्यांच्याच नोकरीवर. कामात चोख, आणि म्हणूनच माझ्या डोक्यात जायच्या. समोर कॉम्प्युटर असताना मशीनवर जे दिसेल ते रजिस्टरमध्ये हातानं लिहीत बसायच्या. "काकू, हे रजिस्टर एखाद्या म्युझियमला देऊन टाका," मी चारचौघांत म्हणायचो. त्या हसायच्या. मला त्या हसण्याचाही राग यायचा.

मूत्रपिंडाच्या एका तपासणीत मशीन दोन आकडे मोजतं आणि एकाला दुसऱ्यानं भागतं. नळी तुंबली की दोन्ही शून्य येतात, आणि शून्याला शून्यानं भागलं की मशीन उत्तर देतं, 'संख्या नाही'. शून्य वेगळं आणि हे वेगळं. डेटाबेस ते इमानदारीत तसंच साठवायचा. डेटाबेसमधून माहिती आणून देणारी लायब्ररीही ते तसंच माझ्या प्रोग्रामच्या हातात ठेवायची, आणि प्रोग्राम तिथेच अडकून पडायचा. रिपोर्ट अडकला की काकू पेशंटला बोलावून नवा नमुना घ्यायच्या. पण काउंटरवर बोंबाबोंब व्हायची आणि फोन मला यायचा. एकदा वैतागून मी एक ओळ लिहिली: लायब्ररीकडून 'संख्या नाही' आलं तर शून्य धरायचं. रिपोर्ट धडाधड निघायला लागले. डॉक्टरांनी पाठ थोपटली. त्या ओळीबद्दल मी कुणाला सांगितलं नाही, काकूंना तर नाहीच.

एका निवृत्त शिक्षिकेचा रिपोर्ट असाच शून्य निघाला. शून्य म्हणजे सगळं उत्तम. काही महिन्यांनी त्यांना डायलिसिसवर ठेवावं लागलं आणि मुलगा तो कागद घेऊन लॅबमध्ये आला.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "ये ज़ीरो किसने डाला?"

"सर, मैंने नहीं डाला," काकू म्हणाल्या आणि रजिस्टर पुढे केलं. त्या दिवसाच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, आकडा आला नाही. डॉक्टरांनी ते उघडूनही पाहिलं नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत बोलल्या, कारण त्या खोलीत ती भाषा आमच्या दोघांचीच होती. "भैया, मी काहून टाकीन शून्य? रिपोर्ट अडकला नाही, तर मला वाटलं मशीननं पुन्हा मोजलं असन. तुम्ही सांगा ना सरांना."

मला माझी ओळ आठवली. अगदी स्वच्छ आठवली.

"सर, सॉफ्टवेअर अपने आप कुछ नहीं भरता," मी म्हणालो. "हाथ से ही भरा होगा." आणि त्यांना मराठीत म्हणालो, "वय झालं की होतं असं, काकू."

त्याच आठवड्यात त्यांना काढलं. मी घरी बसून डेटाबेस उघडला. त्या शिक्षिकेच्या नावापुढे 'संख्या नाही' तसंच होतं, कोणाचाही हात न लागलेलं. मी माझी ओळ काढून टाकली आणि लॅबला कळवलं, किरकोळ सुधारणा केली आहे. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या वर्षी शहरातल्या बाजारात, कमानिया गेटपाशी, साडीच्या दुकानात काकू भेटल्या. गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. मी तोंड चुकवणार तोच त्यांनी हाक मारली.

"भैया, मी लय आठवून पाह्यलं," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याच हातानं पडलं असन ते शून्य. तुम्ही तेव्हा बरोबर बोलले होते. त्या मॅडमच्या घरी जाऊन पाया पडून आली मी. त्यांनी दरवाजा लावून घेतला."

"जाऊ द्या, काकू," मी म्हणालो, आणि माफ केल्यासारखी मान हलवली.