हातभर जागा

शेजारचे पेद्रूकाका ऐन उमेदीत हॉटेलातल्या मोठ्या जॅझ बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. तो बँड मोडला, तेव्हापासून वरातीत वाजवतात. ट्रॉम्बोनची नळी हात पूर्ण लांब करून सरकवली, तरच खालचे सूर लागतात. कालच्या वरातीत नाचणारे त्यांच्या छातीलाच भिडले होते.

"सरका रे जरा पुढे!" काका ओरडत होते. ऐकतंय कोण? कोपर दुमडूनच वाजवत राहिले बिचारे, खालचे सूर गिळत. माझा नुसता संताप झाला. जन्मभर कमावलेल्या कलेला हातभर जागा मिळू नये?

कार्यालय आलं, मंडळी आत गेली, रस्ता मोकळा झाला. काकांनी हात पूर्ण लांबवला.

"बास, काका," बँडमास्तर म्हणाला, "आत मंगलाष्टकं सुरू झाली."

लांबवलेल्या नळीत फुंकून फुंकून साचलेलं पाणी काकांनी तेवढं रस्त्यावर झटकलं.