सर्जेरावकाकांची दम सोडणारी गाडी

बॉनेट उघडायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि कोर्टात साक्ष द्यावी तसं मोठ्यानं सांगायचं, "प्लग नाय. पॉइंट नाय. कॉइल नाय." जे बिघडलेलं नाही ते आधी सांगून टाकायची सर्जेरावकाकांची पद्धत होती. सिडकोतल्या आमच्या गल्लीत सकाळी सकाळी हे सुरू झालं की माझं डोकं उठायचं. एकदा मी कंपाउंडवरून विचारलंच, "काका, काय नाही ते कळलं सगळ्या गल्लीला. काय आहे ते कधी कळणार?" चिडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. म्हणाले, "मंदे, एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की गुन्हेगार कोण ते कळत नाय."

काका पैठणकडच्या बागायतदार घरातले. शेती भावांवर सोडून ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते आणि तिथूनच रिटायर झाले. गाडी मात्र कारखान्याच्या पगारात बसणारी नव्हती. संस्थान बुडवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदाराच्या घरातल्या चीजवस्तू विकायला निघाल्या, त्यात ही हिरवी विलायती स्पोर्ट्स कार होती. हात बदलत बदलत ती भंगाराच्या भावात काकांकडे आली तेव्हा तिला बसायला जागा होती, पण बसण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकांनी ती खिळ्यापासून उभी केली. वर टप नाही, आत दोनच सीटा. एक त्यांची, एक सुशीलाकाकींची. मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिसऱ्या सीटचा प्रश्नही नव्हता.

काकी दिवाळीच्या सुमाराला गेल्या. ताप काय आला आणि चार दिवसांत बाई गेली काय, आम्हाला शेजारी असून धड कळलं नाही. काका रडले नाहीत. लोक भेटायला यायचे, हे त्यांना चहा विचारायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे. काकींचं नाव कुणी काढलं की उठून अंगणात जायचे. गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली. उन्हाळ्यात एकदा त्यांनी ती बाहेर काढली, तर जालना रोडवर विमानतळाच्या पुढं जाऊन गाडीनं दम सोडला. पाय दाबला तरी वेग नाही, इंजिन खोकल्यासारखं करून बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा जणू काही झालंच नाही अशी चालू.

तेव्हापासून काकांनी ध्यास घेतला. घृष्णेश्वरावर काकींची फार श्रद्धा, म्हणून वर्षश्राद्ध झालं की त्याच गाडीतून वेरूळला जायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, "एसटी आहे की." तर म्हणाले, "एसटीनं जायचं असतं तर तिनं माझ्याशी लगीन कशाला केलं असतं?" एक गाडीशौकीन पुण्याहून दोनदा येऊन गेला होता. काका मला म्हणाले, "दौलताबादचा घाट चढली तर ठेवीन. नाय चढली तर देऊन टाकीन त्याला. दारात नुसती मढ्यावानी उभी नाय बघवत."

कार्ब्युरेटर दोन होते. दोन्ही खोलून झाले, फ्लोट बघून झाले, फिल्टर नवा घातला. उन्हानं पाइपातच पेट्रोलची वाफ होत असेल म्हणून पाइपाला ओलं फडकं गुंडाळून झालं. गंमत अशी, की पेट्रोल भरून निघाली की गाडी काही मैल अगदी शहाण्यासारखी चालायची. "लई बेरकी हाय," काका म्हणायचे. "पंपवाल्यासमोर इज्जत राखती, मग मला तमाशा दाखवती."

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी ते फाटकाशी आले. "मंदे, येतीस का? मी चालवत असताना पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा आवाज ऐकायला कुणीतरी पायजे." काकींच्या सीटवर त्यांनी तोवर कुणाला बसू दिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी पदर खोचून बसले.

घाटाच्या ऐन चढावर गाडीनं दम सोडला. मागून ट्रकवाला शिव्या घालत गेला. काकांनी गाडी कडेला घेतली आणि बॉनेटकडे न जाता हात पाठीमागे बांधून भोवती फिरायला लागले. मग एकदम मागं जाऊन त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"टाकीला श्वास नाय," काका म्हणाले. "पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला पायजे. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलंय."

कशानं बुजलं ते विचारायची गरज पडली नाही. झाकणावर शेंदराचा काळपट पडलेला टिळा होता. खंडेनवमीला सगळेच गाडीला हळदीकुंकू लावतात, पण उघड्या गाडीवरचं कुंकू वाऱ्यानं उडतं म्हणून काकींनी शेंदूर तेलात घट्ट कालवला होता. आणि गाडी जिथून खाते तिथंही लावायचा, म्हणून झाकणावर बोट टेकवलं होतं. तो त्यांचा शेवटचा दसरा. काकांनी गाडीचा प्रत्येक स्क्रू काढून पुसला होता, फक्त ही जागा पुसली नव्हती.

मी पदराची पिन काढून पुढं केली. त्यांनी घेतली नाही. "तूच कर. माझ्यानं नाय व्हायचं," म्हणाले आणि किल्ल्याकडे तोंड करून उभे राहिले. मी अगदी हळू टोचत होते, तरी वाळलेला टिळा पापुद्रा सुटावा तसा अख्खा निघून माझ्या तळहातावर आला. काकांनी मागं वळून पाहिलं, तो पापुद्रा घेतला, रुमालात ठेवला आणि नुसतं म्हणाले, "बस गाडीत."

गाडी घाट चढली, खुलताबाद ओलांडलं, वेरूळ आलं. कुठं खोकली नाही की अडली नाही. दर्शन झालं. मला वाटलं होतं, काका खूश होतील. ते एकसारखा रुमालाचा खिसा चाचपत होते.

परतताना घाटाच्या खाली सीताफळवाल्या बाया बसल्या होत्या. काकांनी गाडी थांबवली. एक म्हातारी गाडी ओळखून टोपली घेऊन आली. "लई दिसांनी आलात मालक. बाई नाय आल्या?"

"घरीच हाय," काका म्हणाले. "पाहुणे आलेत."

म्हातारीनं मोठाली सीताफळं निवडून दिली, वर एक जास्तीचं घातलं, "बाईंना सांगा, शेवटची हायत यंदाची." काकांनी मान हलवली. पैसे दिले, फळं माझ्या मांडीवर ठेवली आणि किल्लीला हात न लावता बसून राहिले.

मला राहवलं नाही. "असं का सांगितलंत हो तिला?"

"मग काय सांगू? वर्ष झालं मंदे, अजून एकाही माणसाला माझ्या तोंडानं सांगितलं नाय मी. लोकांना आपोआपच कळत गेलं."

म्हातारी दुसऱ्या गाडीकडे गेली होती. काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर रस्त्याकडे बघत होते. बॉनेटसमोर बोलायचे तशाच मोठ्या, सरळ आवाजात ते म्हणाले, "सुशीला वारली."

मग दार उघडून खाली उतरले आणि त्या म्हातारीकडे चालत गेले.