सरांनी फळ्यावर लिहिलेलं माझं वाक्य

काल मुलीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना ‘विल बी एबल टू’ आलं, आणि लहानपणीच्या माझ्या मानोऱ्याच्या शाळेतल्या ओल्या फडक्यानं पुसलेल्या फळ्याचा वास आला.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. सर म्हणाले, यावर वाक्य करा. मी उठले. “आय विल नॉट बी एबल टू कम टुमॉरो.” उद्या आम्ही ऊसतोडीला निघणार होतो, मला दुसरं सुचणार काय? सर खूश झाले. वाक्य फळ्यावर लिहून त्यांनी सगळ्या वर्गाकडून चालीत म्हणून घेतलं.

तेवढ्यात आई मला न्यायला दारात आली, धार लावून आणलेले कोयते हातात घेऊन. पोरं कोयत्यांकडे बघायला लागली. मी मान खाली घालून बाहेर पळाले.

“काय म्हणून राह्यले वं पोरं?”

“कविता हाये.”

“मले बी शिकव.”

शिकवली. दुसऱ्या दिवशी ट्रॉली शाळेसमोरून निघाली, तेव्हा सरांना ऐकू जावं म्हणून आईनं ती कविता मोठ्यानं म्हटली. मी गोधडीत तोंड लपवलं.

काल मुलीला मात्र मी दुसरंच वाक्य करून दिलं.