अभयचे तीन संशयित

अभय गेल्याचा त्याच्या बायकोचा, मेधाचा फोन आला, तेव्हा मी त्याच्याच ट्रकसाठी डिझेल फिल्टर घेऊन आयर्लंडमधल्या नावनला, त्यांच्या घरी निघालो होतो. गाडी कडेला घेतली. झोपेतच हृदय थांबलं, एवढंच तिला सांगता आलं... फिल्टर शेजारच्या सीटवर होता आणि तो आता कुणाच्या हातात द्यायचा, हेच मला कळेना.

डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमध्ये झालेल्या शोकसभेत एका वक्त्याने त्याला कर्मयोगी ठरवलं. रविवारी अकरापर्यंत लोळणारा कर्मयोगी! औषधांच्या कारखान्यातला हा इंजिनिअर ओळखायचा तर हौसेने घेतलेल्या त्या तीस वर्षांच्या ट्रकपाशी. ट्रक वीस मिनिटं नीट चालायचा, मग इंजिनापर्यंत डिझेल पोचेनासं होऊन बंद पडायचा. अभयने कागदावर तीन संशयित लिहिले होते : टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, पाइप, फिल्टर. सगळ्यात जास्त संशय पंपावर, म्हणून त्याखाली दोन रेघा. "एका शनिवारी एकच बदलायचं," तो म्हणे. "तिन्ही बदलून मोकळा हो ना," मी म्हणायचो. "मग कळणार काय, डोंबल?" मी सॉफ्टवेअरवाला, चाललं की झालं, हा आमचा धर्म.

तो गेल्यावर मला कुठेच स्वस्थ बसवेना. शेवटी एका शनिवारी जाऊन तिन्ही भाग एकदम बदलले. ट्रक तासभर धडधडला. कुंपणापलीकडून आयरिश शेजाऱ्याने "ग्रँड!" म्हणून दाद दिली. मेधा मात्र चहाचा कप धरून काढलेल्या जुन्या पंपाकडे बघत होती.

"पंपच होता का?" तिने विचारलं.

"आता कसं सांगणार?"

"आदल्या दिवशी जेवताना पंप, पंप करत होता. मी म्हटलं, पुरे तुझा पंप. तेच शेवटचं बोलणं आमचं... तो बरोबर होता का, एवढं तरी कळू दे. जुना पंप बसव परत."

"अगं, चालू ट्रक बिघडवायचा?"

"बिघडव."

बसवला. पाइपातली हवा काढून इंजिन सुरू केलं. पंधरा मिनिटं. वीस. माझं लक्ष घड्याळावर, तिचं इंजिनावर. पंचवीस... चाळीस झाली तरी ट्रक बंद पडेना.

"चुकला होता!" मेधा म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. हसता हसता तिने डोळे पुसले, अभयचा कागद आणून पंपावर काट मारली. मी पाना उचलला. पाइप आणि फिल्टर, दोन्ही जुने आत्ताच बसवून टाकू म्हटलं.

"एकच," ती म्हणाली. "दुसरा पुढच्या शनिवारी."