सलग झालं तेवढंच

आमच्या मामाला "झालं का?" असं विचारायचं नसतं. पाहुणे आले की मामी त्यांना आधी हे सांगते, मग पाणी देते.

मागे घराचं रंगकाम काढलं तेव्हा हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, दाराला लागून असलेला बोळ तेवढा राहिला. शेजारच्या काकांनी सहज विचारलं, "कुठवर आलं?" मामा म्हणाला, "उंबऱ्यापर्यंत." काका आत डोकावले, चकचकीत भिंती बघितल्या आणि मामाकडे काळजीनं पाहून निघून गेले. मामाचा हिशेब साधा आहे. सुरुवातीपासून सलग जेवढं झालं तेवढंच झालं. बोळ कोरा, म्हणजे पुढचं सगळं अजून व्हायचंय.

असा माणूस कुठे खपेल असं कुणालाही वाटेल, पण तो खपलाय. आवाज रेकॉर्ड करणारे डबे बनवणाऱ्या एका कंपनीत तो आहे. डब्यातल्या डिस्कवर आवाज कुठे ठेवायचा आणि फाइल केवढी झाली ते खरं सांगायचं, एवढंच त्याचं काम. मी त्याच कंपनीत तक्रारींचा फोन घेतो. मामाच्या वशिल्यानं चिकटलो असं लोक म्हणतात. लोक अधूनमधून खरंही बोलतात.

मामी अंध वाचकांच्या लायब्ररीत पुस्तकं वाचते, म्हणजे मोठ्यानं. तिथे आमचाच डबा आहे. सगळं नात्यातच.

एक दिवस लायब्ररीच्या एका आजोबांचा मला फोन आला. "नायक विहिरीत उतरला, तो थेट स्वतःच्या लग्नात निघाला. मधे नुसती शांतता."

"लेखकाची शैली असेल," मी म्हटलं.

"लेखक मला माहीत आहे. त्याला शैली नाही."

चौकशीत कळलं की ते वाचन चालू असताना वीज गेली होती. डिस्क आवाज तुकड्यातुकड्यांनी ठेवते, आणि तेही सोयीनं. कधी तिसरा तुकडा आधी टेकतो, दुसरा मागून येतो. डबा मात्र सर्वांत पुढचा तुकडा टेकला की फाइल तिथवर झाली असं लिहून मोकळा व्हायचा. मधला टेकण्याआधी वीज गेली तर तिथे भोक, आणि भोकातून ऐकू येणार काय? शांतता.

मामाला हे इतकं लागलं की तो चहाला नाही म्हणाला. "डबा खोटं बोलतोय," तो म्हणाला, शेजारणीबद्दल बोलावं तसं. मग त्यानं नवीन पद्धत बसवली. प्रत्येक फाइलचा कोणता तुकडा खरोखर डिस्कवर टेकला याचा माग ठेवायचा, आणि पहिल्या तुकड्यापासून जिथवर सलग आहे तेवढाच आकार लिहायचा. पुढचे तुकडे टेकलेले असोत, मधला आल्याशिवाय ते मोजायचे नाहीत. थोडक्यात, बोळ रंगवल्याशिवाय हॉल धरायचा नाही. मग मामानं जुन्या फाइली डब्यात उतरवत, मधेच प्लग उपटून उपटून बघितलं. दर वेळी आकार खरा निघाला. डबा मामासारखा बोलू लागला.

याच सुमाराला मामीच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, पण काढल्यावर आवाज बदलेल, आणि किती ते सांगता येत नाही. मामीचं एक जाडजूड पुस्तक वाचून होत आलं होतं. एकच प्रकरण राहिलं होतं.

"ते माझ्या आवाजात संपलं पाहिजे," ती मला म्हणाली. "अर्ध्यावर बाई बदलली तर आजोबा तुझं डोकं खातील."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ती लायब्ररीत वाचायला बसली. संध्याकाळपासून बोलणं बंद, अशी डॉक्टरांची ताकीद. प्रकरणाचं शेवटचं पान चालू असताना शेजारच्या खोलीत कुणीतरी विजेची किटली लावली आणि फ्यूज उडाला.

वीज आल्यावर मामीनं डबा बघितला आणि घोगऱ्या आवाजात ऑफिसात फोन केला. "अरे, शून्य दाखवतोय."

"शेवटचं पान गेलं असेल, मामी."

"पान कसलं! अख्खं प्रकरण शून्य. मी परत बसू का वाचायला?"

मामानं माझ्या हातातून फोन घेतला. "अगं, हात लावू नकोस! नवीन काही रेकॉर्ड केलंस तर ते त्याच जागेवर बसेल. डबा बंद कर आणि तूही बंद हो."

शेवटचं वाक्य त्यानं काळजीनं म्हटलं होतं. फोनवर ते तसं पोचलं नाही.

डबा ऑफिसात आणला. मामा त्याच्यासमोर बसला, आणि थोड्या वेळानं त्याचे कान लाल झाले. रेकॉर्डिंग सुरू होतं तेव्हा फाइलचा पहिला तुकडा मुद्दाम कोरा सोडतात. वाचणाऱ्याचं नाव, प्रकरण, लांबी हे सगळं 'थांबा' दाबल्यावर तिथे भरतात. मामीनं 'थांबा' दाबलंच नव्हतं, किटलीनं दाबलं होतं. पहिला तुकडा नाही, म्हणून मामाच्या पद्धतीनं सलग किती? शून्य. प्लग उपटून तपासलं ते सगळं तयार फाइलींवर. जिवंत माणूस डब्यापुढे बसवून वाचायला लावावं, हे त्याला सुचलं नव्हतं.

"म्हणजे डबा खरंच बोलतोय," मी म्हटलं.

"गप बस."

तुकडे मात्र डिस्कवर होते, आणि कोणता कुठे आहे त्याचा मागही होता. मामा एकेक जोडत गेला. मी हेडफोन लावून ऐकत होतो आणि मामी वाचत होती, नेहमीसारखी, खलनायकाला जरा जास्तच प्रेमानं. शेवटच्या परिच्छेदापाशी आवाज तुटला. तेवढा डिस्कपर्यंत पोचलाच नव्हता.

सकाळी दवाखान्यात मामी कपडे बदलून तयार होती. बोलायचं नाही म्हणून हातात पाटी. तिनं लिहिलं, "झालं का?"

मामानं पाटी वाचली. बाहेर स्ट्रेचर येऊन उभं होतं. दुसरा कुणी नवरा सरळ "झालं" म्हणाला असता.

"शेवटचा परिच्छेद सोडून," मामा म्हणाला.

मामीनं डोळे मिटून मान हलवली आणि हसू आवरत स्ट्रेचरवर जाऊन पडली.

मामानं पद्धत दुरुस्त केली. जी जागा जाणूनबुजून कोरी सोडली, तिची आधीच 'मुद्दाम रिकामी' अशी नोंद करायची, म्हणजे ती सलगपणात मोडत नाही. या वेळी तपासायला मला डब्यापुढे बसवून वर्तमानपत्र वाचायला लावलं आणि दर बातमीला प्लग उपटला. घरी मामी बोलत नव्हती. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही दोन दिवस बोलली नाही, तेव्हा मामानं घाबरत विचारलं, "अगं, रागावलीस का?"

तिनं पाटीवर लिहिलं, "मुद्दाम रिकामी."

नंतर तिनं तो परिच्छेद वाचला. आवाज खरंच बदललाय. खाली उतरलाय, थोडा खरखरीत, पावसात राहिलेल्या दारासारखा. तो जोडून पुस्तक लायब्ररीत गेलं आणि आजोबांचा फोन आलाच.

"शेवटच्या परिच्छेदाला बाई बदलली."

"नाही हो आजोबा. बाई त्याच आहेत."

मग आजोबा म्हणाले, "मग पुढचं पुस्तक कधी सुरू करतायत?"

मी फोन हातानं झाकून मामाला विचारलं.

"सुरू केलंय," मामा म्हणाला. "पहिल्या पानापर्यंत झालंय."