पिशवीखालचा पेपर

"अगं, हेडिंग नाही दिसून राहिलं!" हे आतल्या खोलीतून ओरडले आणि मी गॅस चालूच ठेवून धावले.

आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यातल्या घरी सकाळचा पेपर दोनदा वाचला जायचा. एकदा सगळे वाचतात तसा आणि एकदा पिशवीखाली ठेवून. यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून हे घरीच पोटाचं डायलिसिस करत होते. त्याला सीएपीडी म्हणतात. पोटात एक मऊ नळी कायमची बसवलेली असते. तिच्यातून औषधी पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं आणि मग दुसऱ्या पिशवीत काढून घ्यायचं. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर बाहेर येते. भरलेली पिशवी पेपरवर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली तर सगळं ठीक. नाही आली तर पिशवी घेऊन थेट हॉस्पिटल गाठायचं.

हे रोज पिशवीतून मथळा वाचायचे, तोही मला स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. शहराच्या स्वच्छतेचं कौतुक छापून आलं की पुन्हा पुन्हा वाचायचे, जणू झाडू यांनीच मारला होता.

त्या सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं.

हॉस्पिटलात सांगितलं, पेरिटोनायटिस. म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला इन्फेक्शन. पिशवीतलं पाणी कल्चरला गेलं. कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ते कोण आहेत हे ओळखणं. त्याला वेळ लागतो आणि तो वेळ घरच्यांनी बाकावर बसून काढायचा असतो. तोवर यांना ताप चढला होता, पोटाला हात लावू देत नव्हते.

रिपोर्ट आला. स्यूडोमोनास.

"आंटीजी, ये अपॉर्चुनिस्टिक है," डॉक्टर म्हणाले. "मौका देखता है." संधिसाधू जंतू. नळाच्या तोंडाशी, सिंकमध्ये, ओल्या साबणदाणीत, दमट फडक्यात, जिथे ओल तिथे हा राहू शकतो. धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण माणूस आजाराने खचलेला असला, त्याच्या अंगात नळी असली, की तिथे ठाण मांडतो. नळीवर बुळबुळीत थर करतो, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि त्या थराखाली औषध नीट पोचत नाही. मी वर्षानुवर्षं फिनाइलने फरशी पुसत आले आणि हा बेटा नळापाशी बसून माझी गंमत बघत असणार!

डॉक्टरांनी यांना विचारलं, हात कसे धुता? यांनी पडल्या पडल्या करून दाखवलं. कोपरापर्यंत साबण, भरपूर पाणी, मग दोन्ही हात वर धरून तसेच थांबले.

"पोंछते नहीं?"

"नहीं जी. कपड़ा लगा तो फिर धोने पड़ेंगे ना. हमारे में सोवळं होता है."

मला एकदम सगळं दिसलं. यांच्या घरात देवाचं सगळं ओलेत्याने. आंघोळ करून ओलं नेसायचं, ओल्या हाताने देव उचलायचे. पुसलेला हात म्हणजे कशाला तरी लागलेला हात, म्हणजे ओवळा. ट्रेनिंगच्या वेळी सिस्टरने हात कोरडे करायला सांगितलं होतं. यांनी मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःचं डॉक्टरी सोवळं सुरू केलं. ज्या ओल्या हातांवर यांचा देवाइतका भरवसा होता, त्यांनीच जंतूला नळापासून नळीपर्यंत पोचवलं असावं.

असावं. कारण डॉक्टर लगेच म्हणाले, नक्की सांगता येत नाही, दुसरीकडूनही आला असेल. त्याचाच मला जास्त त्रास झाला. नक्की कारण कळलं असतं तर निदान त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

अँटिबायोटिक्स पोटातल्या पाण्यातूनच द्यायला लागले. आता पिशव्या सिस्टर बदलायच्या. मी पेपर घेऊन बसायचे. प्रत्येक पिशवी त्यावर ठेवायची आणि वाकून बघायची. काळे डाग दिसायचे, शब्द नाही. हे माझ्या तोंडाकडे बघायचे. मी म्हणायचे, "थोडं बरं दिसतंय." खोटं होतं. जन्मभर शाळेत मुलांना वाचायला शिकवलं आणि आता मला एक ओळ लागत नव्हती. मी पाण्याची बाटली विसळायचे, चादर सारखी करायचे, पुन्हा बसायचे. माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, पाणी निवळत नाही, नळी काढावी लागेल. मग रक्ताचं डायलिसिस, हॉस्पिटलात येऊन, मशीनवर. थांबलो तर जिवाला धोका आहे.

यांना नळी म्हणजे घर होतं. आपली पूजा, आपली खुर्ची, आपल्या हातांनी केलेलं काम. त्यांनी डॉक्टरांपुढे हात जोडले. "दो दिन रुक जाइए." मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काढा." हे भिंतीकडे तोंड करून झोपले.

ताप उतरला, पोट शांत झालं, हे वाचले. पण घरी आले ते गप्पच. मशीनच्या दिवशी रिक्षात बसायचे, परत यायचे. पेपरची घडीसुद्धा मोडत नव्हते.

तुमच्या घरी अशी नळी असेल तर एवढं लक्षात ठेवा: हात धुणं हे अर्धं काम आहे. आणि माणूस गप्प झाला तर त्याच्यावर चिडू नका. मी चिडले, उपयोग झाला नाही.

पलंगाखाली औषधी पाण्याच्या सीलबंद पिशव्यांची खोकी उरली होती. सिस्टरचा फोन आला. तिकडे अन्नपूर्णा भागात एकांचं सीएपीडी सुरू होतंय, खोकी चालतील, त्यांची मुलगी घ्यायला येईल. हे म्हणाले, "तूच दे. मला नको बोलावू."

मुलगी आली. घाबरलेली होती. म्हणाली, "काकू, मुझसे होगा का हे सगळं?" मी काही बोलणार तोच हे बाहेर आले.

"इकडे ये बेटा." बेसिनपाशी नेऊन त्यांनी हात धुतले. मग कोरा कागदी रुमाल घेतला आणि एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, मनगट, सावकाश टिपून काढलं. "धुणं तर सगळ्यांना येतं. सुखाना सीखो. एकदम कोरडे. सोवळं-बिवळं देवापाशी." तिच्याकडूनही करून घेतलं, दोनदा.

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर खोकं उघडल्याचा आवाज आला, पेपरची घडी मोडल्याचा आवाज आला. हे तिला सांगत होते, पिशवी अशी ठेवायची, असं वाकायचं. आणि मग त्यांनी मथळा वाचला. मोठ्याने, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असा.

मी गॅस बंद केला आणि ऐकत उभी राहिले.