सोवळी कणसं

चामटोलीला बियाणं कंपनीच्या शेतावर रुजू होताना श्रीपाद बायकोला सांगून आला होता, दोन वर्षांत परत येतो. त्यानंतर मुलगी शाळेत जायला लागली, बदलापुरात चाळींच्या जागी इमारती उठल्या, नव्वद साल उजाडलं, आणि हा गडी अजून मक्याच्या तुऱ्यांखालीच उभा! मालिनी नाशकात बँकेत. तिची बदली होत नव्हती आणि याला मका सोडत नव्हता.

मकाही असा हट्टी, की पौष्टिक करायला जावं तर दाणा खडूसारखा भुसभुशीत व्हायचा. टणक आणि भरघोस करावा तर पौष्टिकपणा पसार. शेवटी दोन्ही गुण एकत्र नांदणारा वाण हाती आला. संकराचा एक पालक म्हणून तोच लागणार होता. त्याचं होतं नव्हतं ते बी एका ओळीत पेरलं होतं. ती ओळ पिकली, बी कंपनीच्या हाती पडलं, की श्रीपाद नाशिकला जायला मोकळा.

मिश्या बाहेर पडायच्या आत त्याने प्रत्येक कणसावर कागदी पिशवी चढवली होती. त्याच झाडाचा पराग स्वतःच्या हाताने घातला होता. शेतावरच्या बायकांना तो बजावायचा, "यांना परक्याची धूळसुद्धा लागलेली नाही."

एका दुपारी येऊन बघतो तर ओळ रिकामी. पिशव्या घड्या घालून बांधावर ठेवलेल्या, वर दगड. खुरपणीची कौसाबाई भाजलेली कणसं पानावर घेऊन समोर उभी. कणसांना कुंकू.

"सायेब, परसाद घ्या. ही ओळ पिकली का तुम्ही सुटनार ना? म्हनून गावदेवीला नवस केलता. सायबाला घरी जाऊ दे, पयली कनसा तुला."

"पण पिशवीतलीच का, मावशी?"

"बाकीच्यांवर काय बी उडून बसतं. ही सोवली. तुम्हीच सांगलाव."

दाण्यात दूध असतानाच तोडलेल्या त्या कणसांतला एक दाणाही उगवणार नव्हता. मागच्या पिढ्यांच्या बियाण्यापासून पुन्हा सगळं. श्रीपादला किंचाळावंसं वाटलं. पण बाई त्याच्यासाठी सकाळपासून उपाशी होती. त्याने कणीस घेतलं आणि तिच्यासमोर खाल्लं.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या बूथवरून त्याने नाशिकला फोन लावला.

"सामान कधी पाठवताय?" मालिनीने विचारलं.

"मका फार गोड झालाय गं," तो म्हणाला.



"अजून किती वर्षं?" तिने विचारलं.